मदत हवी आहे: कुंडीतल्या आयरिसचा कंद कुजतोय

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते. अंगण नाही, दक्षिणेकडची बाल्कनी आहे. गेल्या ऑगस्टमध्ये शेजारच्या आजींनी त्यांच्या जांभळ्या बिअर्डेड आयरिसचे (पाकळ्यांवर दाढीसारखे केस असलेलं फुलझाड) तीन कंद दिले, दिसायला थेट आल्यासारखे. १२ इंची कुंडीत, पाठ उन्हाला उघडी ठेवून लावले. फुलायला थंडीची गरज असते म्हणून हिवाळाभर कुंडी बाहेरच होती. आता मे संपत आला, पानं तलवारीसारखी ताठ, पण फुलाचा दांडा एकही नाही. काल एक कंद बोटाने दाबला तर गिळगिळीत लागला, घाण वास आला. सडका भाग कापून उरलेला वाळवून लावू, की अख्खा काढून टाकू? बाकीचे दोन आत्ताच नव्या मातीत हलवू का, जुलैपर्यंत थांबू? आजी आता इथे राहत नाहीत. मला हे कंद काहीही करून जगवायचे आहेत.