जुन्या मारुती ८०० ला "पाणीच बरं" म्हणणाऱ्यांनी एकदा रेडिएटरचं झाकण उघडून बघा

खंबाटकी८००: काल इथे एकाने लिहिलं, "जुन्या गाडीला नळाचं पाणीच बरं, कूलंट हा कंपन्यांचा धंदा आहे, आमची गाडी वीस वर्षं पाण्यावर चालली." (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरात घालतात तो गंजरोधक रंगीत द्रव.) त्याखाली वा वा करणारे इतके जण बघितले की राहवलं नाही.
माझी ८०० सन २००३ ची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, इंजेक्शनवाली. आधीच्या मालकाने आयुष्यभर बोअरचं पाणी घातलेलं. घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना काटा लालला टेकला, बायको-पोरगी गाडीत, मे महिना. रेडिएटर खोलला तर आत तांबडा चिखल, अर्ध्या नळ्या बंद, वॉटर पंपाची पाती खाल्लेली. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं होतं. फेसिंग, गॅस्केट, पंप, रेडिएटर मिळून अकरा हजार गेले. त्या गाडीत कूलंट बसतं साडेतीन लिटरच्या आसपास, म्हणजे रेडीमेडचे एक-एक लिटरचे चार डबे! हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, मधे क्षाराचं पाणी, गंजणार नाही तर काय होणार?

अकोलेकर: ती पोस्ट माझीच. भाऊ, तुमच्या आधीच्या मालकाने गाडीकडे बघितलंच नाही, त्याचा राग पाण्यावर काढू नका. पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता ओढून नेतं हे शाळेतलं फिजिक्स आहे. आमच्याकडे ४५ डिग्री असते, इथे पाणी गोठायची भीती नाही, मग गोठू नये म्हणून केलेला माल मी काहून घालू? वडिलांनी दर पंधरा दिवसांनी पाणी बदललं, गाडी कधी गरम झाली नाही.

खंबाटकी८००: पाणी जास्त उष्णता नेतं हे खरं आहे, ते नाकारतच नाही, आणि म्हणूनच पाणी न मिसळता निव्वळ कॉन्सन्ट्रेट (घट्ट कूलंट) ओतणारेही चुकतात. पण कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं. रेडिएटरच्या ०.९ च्या (आत तेवढा दाब धरणाऱ्या) झाकणाखाली साधं पाणी ११८-११९ डिग्रीला उकळतं, कूलंट-पाण्याचं अर्धंअर्धं मिश्रण त्याच्याही आठ-नऊ डिग्री वर जातं. झाकणाचं रबर गेलं की पाणी १०० लाच उकळणार. आणि दर पंधरा दिवसांनी नवीन पाणी म्हणजे दर पंधरा दिवसांनी नवीन क्षार आणि नवीन ऑक्सिजन, त्यानेच आतून जास्त खाल्लं जातं.

झेनवाली: कूलंटच्या रंगाचंही बोला कुणीतरी. हिरव्यात लाल टॉपअप केलं आमच्या गॅरेजवाल्याने, "सगळं सारखंच असतं ताई" म्हणाला. सहा महिन्यांनी रिझर्व्ह टँकमध्ये जेलीसारखा थर. रंग कुठलाही घालता येतो, डब्यावर आतला प्रकार काय लिहिलाय ते वाचायला हवं. जुन्या पद्धतीचं दोन वर्षांत बदलावं लागतं, ऑरगॅनिक अॅसिडवालं पाच वर्षं जातं, पण दोन्ही एकत्र केली की जास्त टिकणाऱ्याचा फायदा गेला.

मेस्त्री२६वर्षं: गॅरेजवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे. कूलंट-पाणी राहू द्या, मी तर जुन्या ८०० चा वॉलच (थर्मोस्टॅट, इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकतो. वॉल बंद अवस्थेत अडकला की दहा मिनिटांत हेड जातं. गिऱ्हाईक रात्री एक वाजता कसाऱ्यात अडकून मला फोन करतं, तेव्हा तुमचं पुस्तक येत नाही धावून. उन्हाच्या मुलखात वॉलची गरजच नाही.

खंबाटकी८००: मेस्त्री, माझा पण काढला होता कुणीतरी, मला न विचारता! गाडी लिटरला १७ किलोमीटर द्यायची ती १३ वर आली, मी चार महिने प्लग, एअर फिल्टर, सगळं बदलत बसलो. वॉल ८२ डिग्रीच्या आसपास उघडतो तो इंजिन लवकर तापावं म्हणून, तो नसेल तर थंडीत सकाळी काटा वर येतच नाही, ईसीएमला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ते ऑइलमध्ये उतरतं, आणि थंड इंजिनातली ओल न सुकल्याने ऑइलच्या झाकणाखाली साय धरते, मग दुसरा मेस्त्री म्हणतो गॅस्केट गेलं. नवीन वॉल किती रुपयांचा असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मेस्त्री२६वर्षं: गिऱ्हाईकच म्हणतं, "आत्ता चालू करून द्या, खर्च नको." तुमच्यासारखे ऑइल तपासणारे शंभरात दोन. मी काय खिशातून वॉल घालू?

झेनवाली: निदान सांगा तरी! काढलाय हे बिलावर लिहा. मी दीड वर्ष बिनवॉलची गाडी चालवली, महाबळेश्वरला पहाटे हीटर लावला तर गार वारा.

मेस्त्री२६वर्षं: सांगायला हवं, बरोबर आहे. काढलेला वॉल मी उकळत्या पाण्यात टाकून बघतो, उघडला तर यापुढे परत बसवीन. पण अडकलेला निघाला आणि गिऱ्हाईक नाही म्हणालं तर काढणारच.

अकोलेकर: सगळे वॉलवरच. माझं ऐका, बोअरचं बंद करतो, बॅटरीचं पाणी मिळतं तेच डिस्टिल्ड, ते आणून घालतो. कूलंट घालीन असं म्हणालो नाही.

खंबाटकी८००: निव्वळ डिस्टिल्डनेही गंज थांबत नाही हो, त्यात गंजरोधक काही नसतं. निदान तीस टक्के कूलंट घाला, तुमच्या उन्हाला तेवढंही चालेल. आणि रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून आतला फोटो इथे टाका.

अकोलेकर: टाकतो. स्वच्छ निघालं तर मात्र तुम्ही पोस्ट बदलायची.