गाझीतल्या खलाशांना श्रद्धांजली वाहावी का?

खारपाणपट्टा (दर्यापूर): विजय दिनाच्या फलकावर यंदा पोरांनी लिहिलं, 'गाझीला जलसमाधी, पाकला अद्दल'. मी म्हटलं, खाली गाझी या पाकिस्तानी पाणबुडीत मेलेल्या ९० हून अधिक खलाशांसाठी श्रद्धांजलीची एक ओळ टाका. ग्रामपंचायतीसमोर चांगलीच जुंपली.

गाझी आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या मागावर होती, ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. आनंद रास्तच. पण जमिनीवरचा शिपाई हात वर करू शकतो, पाणबुडीतला कुठे जाणार? विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची कुरसुरा पाणबुडी आतून पाहून या. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल भोकातून अंग चोरून शिरावं लागतं, अन् झोपायच्या फळ्या टॉर्पेडोला लागून. आपल्याकडे विहिरीत माणूस अडकला तर निदान दोर तरी सोडता येतो.

तुरीचा दाणा: अन् आपली खुकरी युद्धनौका विसरले काय बाप्पा? ९ डिसेंबरले पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्लांनी जहाज सोडलं नाई. मारायले आलेल्यायले आपण काहून रडाव?

खारपाणपट्टा: रडा कोण म्हणतं? दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या पाणबुड्यांवरचे साधारण ४०,००० पैकी ३०,००० परतले नाहीत. जिंकलेल्या अमेरिकेनंही ५२ पाणबुड्या गमावल्या. ही नोकरीच तशी, झेंडा कोणताही असो.

माजी फौजी, अचलपूर: कारगिलमध्ये पाकिस्ताननं नाकारलेले मृतदेह आपल्या सेनेनं त्यांच्या झेंड्यात गुंडाळून दफन केले. शत्रूच्या मेलेल्याचा मान राखणं आपल्याला नवं नाही. तरी माझा विरोधच. विजय दिनाच्या फलकावर खुकरीचं नाव नाही आणि गाझीला श्रद्धांजली, हे खुकरीवाल्यांच्या घरच्यांना कसं वाटेल? आधी खुकरी लिहा.

वाचक: 'अद्दल' शब्दावरही बोला. आपलं नौदल म्हणतं आपल्या राजपूत युद्धनौकेनं डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकून बुडवली, पाकिस्तान म्हणतं तिच्याच सुरुंगांचा स्फोट झाला. आतला एकही माणूस सांगायला वाचला नाही, मग एवढ्या छातीठोकपणे कसं लिहिता?

तुरीचा दाणा: म्हंजे आता विजयावरबी शंका! पाकिस्तानवाले तर तेच म्हनतीन.

खारपाणपट्टा: फौजी साहेब, खुकरीचं मान्य. वर तेच लिहू, मोठ्या अक्षरात. गाझीची ओळ मात्र मी सोडत नाही.

तुरीचा दाणा: फलक वर्गणीचा हाय. तुमची ओळ लिवाची असन त मीटिंगीत हात वर करून घ्या. माया हात खालीच राहीन.