प्रोस्टेट काढल्यावर घरी आल्यानंतरचे पहिले दिवस : अनुभव लिहा

कोथरूड, वय ६७, लघवीच्या नळीचा आठवा दिवस

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढून आज आठ दिवस झाले. रोबोटिक झालं, पोटावर सहा छोटी छिद्रं आहेत. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर नळीबद्दल एक ओळ आहे, 'कॅथेटरची काळजी समजावून सांगितली'. कुणाला सांगितली देव जाणे. मला नाही आणि सौ.लाही नाही.

पहिल्या रात्री लघवीची पिशवी लावायची कुठे इथूनच सुरुवात. आमचा दिवाण चारही बाजूंनी बंद, खाली ड्रॉवर, त्यामुळे कडी अडकवायला जागाच नाही. शेवटी सौ.नं बाथरूममधली निळी बादली आणली, तिच्या कडीला पिशवी अडकवली आणि बादली दिवाणाला टेकवून ठेवली. पहाटे चारला तिनं पिशवी रिकामी केली आणि झोपेत खालचा छोटा नळ बंद करायचा राहिला. सकाळी बघतो तर पिशवी कोरडी आणि बादलीत हे एवढं! बादली होती म्हणून फरशी वाचली. तेव्हापासून पिशवी जो रिकामी करेल त्यानं मोठ्यानं 'बंद' म्हणायचं असा घरात नियम आहे. नातू तर काही केलं नसलं तरी म्हणतो.

चार दिवसांनी नळी निघणार आहे. पुढे काय काय होतं ते ज्यांचं झालंय त्यांनी लिहा. ऑपरेशन कुठे केलं, बिल किती आलं हे इथे नको, त्यावर वाद होतात आणि मूळ विषय राहून जातो.

दत्तवाडी, पेशंटची पत्नी

आमच्या ह्यांचं दिवाळीनंतर झालं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढायला डॉक्टरांची ना नव्हती, फक्त हळू आणि प्रत्येक मजल्यावर थांबून. मी खालच्या दोन घरांतून खुर्च्या बाहेर ठेवायला सांगितल्या होत्या. पँटचा पट्टा पोटाच्या टाक्यांवर येतो, त्यामुळे महिनाभर लुंगी. आयुष्यात कधी लुंगी न नेसलेला माणूस, पण नळी, पिशवी सगळं तिच्यात मावतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त छळलं ते पोट साफ न होण्यानं. दुखण्याच्या गोळ्या, हालचाल कमी, वर नळीमुळे कळा येतात म्हणून दिलेल्या गोळीनं तोंडाला कोरड. पाचव्या दिवशी हे कमोडवर बसून जोर करायला लागले, तेवढ्यात नळीत लाल दिसलं. माझे हातपाय गार पडले. फोनवरच्या डॉक्टरांनी विचारलं, नळी वाहतेय का, गाठी पडताहेत का? वाहत होती, गाठी नव्हत्या. मग म्हणाले, पाणी प्या आणि आडवे व्हा, जोर केला की असं थोडं येतं. दोन तासांत रंग परत चहासारखा आणि मग पिवळा. जोर करायचा नाही हे आधी सांगितलं असतं तर? असो. त्यानंतर रात्री इसबगोल, डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध, भिजवलेले काळे मनुके आणि मऊ मुगाची खिचडी.

भेटायला येणाऱ्यांना मी हर्निया सांगितलं. मग शेजारच्या वहिनी हर्नियाचा पट्टा घेऊन आल्या, त्यांच्या सासऱ्यांचा. अजून कपाटात आहे.

बिबवेवाडी, वय ७०

माझंही प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, दुर्बिणीतून. तिसऱ्या दिवशी नळी काढली, आठवड्यात मंडईत जाऊन भाजी आणली. लोक उगाच बाऊ करतात असं माझं मत.

कोथरूड, वय ६७

काका, तुमचं वेगळं. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दुर्बिणीतून आतला भाग खरवडतात, साल जागेवर राहते. आमच्यात ग्रंथी सालासकट, शेजारच्या वीर्याच्या पिशव्यांसकट काढतात, आणि मूत्राशयाचं तोंड खालच्या मूत्रमार्गाला परत शिवतात. ती शिवण जुळेपर्यंत नळी आतून आधार देते, म्हणून साधारण एक ते दोन आठवडे. आमच्या डॉक्टरांनी मला एकच गोष्ट दोनदा सांगितली : नळी चुकून निघाली तर जवळच्या दवाखान्यात परत घालून घ्यायची नाही, थेट ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे यायचं. आंधळेपणानं घातली तर शिवण उसवू शकते.

बिबवेवाडी, वय ७०

हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

वाकड, पेशंटची मुलगी

बाबांना 'नळीच्या बाजूनं गळतंय' म्हणून आम्ही रात्री अकराला हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून तपासायला घेऊन गेलो. काही नव्हतं. बाबा सोफ्यावर नळीवरच बसले होते, तिला घडी पडली होती. घरी आल्यावरही अधूनमधून गळायचंच, कारण मूत्राशयाला मध्येच कळ येते आणि लघवी बाजूनं वाट काढते. अशी कळ आली की आधी घडी आणि पिशवीची उंची बघायची, हे आम्ही भिंतीवर लिहून लावलं. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली. बाबा जेवायला बसताना ती मांडीवर ठेवायचे, 'जमिनीवर ठेवली तर घाण वाटते' म्हणून. उलटी वाहते हे समजावायला दोन दिवस गेले.

नळी मांडीला पट्टीनं चिकटवलेली असते ती जागा एक दिवसाआड बदला, कातडी सोलवटते. नळी अंगातून बाहेर येते तिथे खपली धरते, ती साबणपाण्यानं रोज हलक्या हातानं काढायची. हे माझ्याकडून करून घ्यायला बाबा तयार नव्हते, आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. शेवटी मी कोमट पाण्याचा मग आत ठेवायचे आणि बाहेरून सूचना द्यायचे. भाऊ न्यू जर्सीहून रोज रात्री फोन करून नवीन काहीतरी वाचलेलं सांगायचा.

वृषणाला सूज येऊन ते भलतंच मोठं दिसलं होतं, निळंसुद्धा झालं होतं. कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते. खाली टॉवेलची घडी ठेवली, आठवडा-दीड आठवड्यात उतरलं.

हडपसर, पेशंटचा मुलगा

थोडक्यात. रक्त गोठू नये म्हणून पोटात २८ दिवस इंजेक्शनं होती, ती मीच द्यायला शिकलो. वडील फार चालत नव्हते. दहाव्या दिवशी एक पोटरी सुजली, शिरेत गाठ आहे का बघायला डॉपलर केला, सुदैवानं काही निघालं नाही. तेव्हापासून पॅसेजमध्ये दर तासाला दहा फेऱ्या. स्कूटरला सहा आठवडे हात लावू दिला नाही, गॅसचा सिलिंडर तर लांबच.

सिंहगड रोड, निवृत्त सिस्टर

वीस वर्षं युरॉलॉजी वॉर्डात होते. ताप १०१ च्या वर, पिशवीत दोन तास काहीच नाही आणि पोट तट्ट, मोठ्या गाठी, पोटरी दुखणं किंवा धाप लागणं, यातलं काहीही झालं तर फोन न करता निघा. दुसरं म्हणजे, पोट साफ होत नाही म्हणून घरी एनिमा देऊ नका. शिवणीच्या अगदी मागेच गुदाशय आहे. दत्तवाडीच्या ताईंनी केलं तेच बरोबर.

सदाशिव पेठ, वय ७१, निवृत्त शिक्षक

कोथरूडकर, नळी निघण्याच्या दिवसाबद्दल लिहितो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. नळी काढताना दोन सेकंद जळजळतं, तेवढंच. त्यानंतर मी पलंगावरून उभा राहिलो आणि सगळं पायावरून चपलेत. इतक्या वर्षांत वर्गात कधी घाम फुटला नाही, तो त्या ओपीडीत फुटला. जाताना पॅड न्या, गडद रंगाची सैल पँट घाला आणि बदलायला एक वेगळी ठेवा. मी रिक्षात सीटवर पेपर पसरून आलो. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं, बोलला काही नाही, फक्त स्पीडब्रेकर हळू घेतले.

पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा-सात पॅड. सहा आठवड्यांनी तीन, तीन महिन्यांनी एक. सकाळी बरं असतं आणि संध्याकाळी गळतं, कारण लघवी धरणारा स्नायू दिवसभरात दमतो. मी उगाच वाटून घ्यायचो की बिघडतंय. त्याचा व्यायाम नळी असताना करायचा नाही, काढल्यावर सुरू करायचा. फिजिओथेरपिस्ट मुलीनं सांगितलं, 'सर, चारचौघांत वारा अडवता तसं आवळा.' इतकं स्वच्छ मराठी मी वर्गातही ऐकलं नव्हतं. पोट, नितंब सैल, श्वास चालू, पाच सेकंद आवळायचं, पाच सेकंद सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी एकदा. हे 'आधी' जमायला मला महिना लागला.

गळतं म्हणून मी पाणी तोडलं होतं. चूक. लघवी दाट झाली की मूत्राशय जास्त चिडतं. तोडायचा होता तो चहा. अमृततुल्यावरचे चार कटिंग एकावर आणले, ते फार जड गेलं.

वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून ठेवतो, म्हणजे आत काय आहे ते कळतं. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनीच एकदा तसं सांगितलं होतं, सुनेच्या वेळी. आता ठिपका मी काढतो.

नाव, गाव नको, वय ५८

जे कुणी लिहिलं नाही ते लिहितो. लिंगाच्या ताठरतेचे मज्जातंतू वाचवलेत म्हणून सांगितलं होतं, म्हणून मला वाटलं महिन्या-दोन महिन्यांत सगळं पूर्वीसारखं. तसं नसतं. वाचवलेले तंतूसुद्धा दुखावलेले असतात, पूर्ववत व्हायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, कधी पूर्ण होतही नाही. वीर्य तर आता येणारच नाही, ते बनवणारं आणि वाहून नेणारं दोन्ही काढलंय. हे ऑपरेशनच्या आधीच्या फॉर्मवर होतं, मी सही केली होती, वाचलं नव्हतं.

फॉलोअपला केबिनमध्ये बायको होती, दाराशी पुढचे दोन पेशंट उभे. मी विचारू शकलो नाही. परतताना गाडीत तिलाच म्हणालो की हे विचारायचं राहिलं. ती म्हणाली, मी आत विचारणारच होते, तुम्ही चिडाल म्हणून गप्प बसले. पुढच्या वेळी तिनंच विचारलं. रोजची एक कमी डोसची गोळी सुरू आहे. हृदयाच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांना ती चालत नाही, तेव्हा मित्राची बघून घेऊ नका.

कोथरूड, वय ६७

नळी काल निघाली. गुरुजींनी सांगितलं होतं तसं केलं : काळी पँट, पिशवीत चार पॅड, सीटवर प्लास्टिक आणि पेपर. तरी उभा राहिल्यावर झालंच, पण या वेळी पॅड हातात होता. सिस्टरनी विचारलं, 'काका, आधी झालंय का तुमचं?' म्हटलं, आमच्यातल्या एका गुरुजींचं झालंय.

काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीचा मोठा रिपोर्ट आला, गाठ ग्रंथीतच होती, कडा मोकळ्या आहेत, म्हणजे तिथे कॅन्सर नाही. पहिली पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, सहा आठवड्यांनी. ग्रंथीच नाही म्हटल्यावर ती जवळपास शून्य यायला हवी, म्हणून त्या तारखेभोवती सौ.नं कॅलेंडरवर आत्ताच गोल केलाय.

निळी बादली बाथरूममध्ये परत गेली. नातू अजून 'बंद' म्हणतो, आता मी टीव्ही बघत असलो तरी.

प्रश्न आहे : दिवसाला सात पॅड म्हणजे बरेच पैसे होतात. स्वस्तात कुठे मिळतील?

सदाशिव पेठ, वय ७१

आमच्या पेठेत होलसेल औषधवाले आहेत, तिथे विचारा. पण आधी एकच पाकीट घ्या, पेटी नको. माप कमरेवर असतं, वजनावर नाही. मी एक्स्ट्रा लार्जची पेटी आणली होती, त्यातली तीन पाकिटं शिल्लक आहेत. तुमची कंबर चाळीसच्या वर असेल तर येऊन घेऊन जा.