प्रतिसाद: ब्लार्नी बघाच, पण बरलाही जा

वर कुणीतरी विचारलंय की आयर्लंडमधल्या ब्लार्नी किल्ल्यावरचा प्रसिद्ध दगड (तो चुंबला की बोलण्यात चातुर्य येतं असं मानतात) चुंबायला रांगेत उभं राहणं योग्य आहे का. माझं मत, गर्दी असेल तर दगड सोडा, बाग सोडू नका. किल्ल्याच्या १४४६ च्या बुरुजाच्या पायथ्याशीच विषारी वनस्पतींची बाग आहे. बचनागाच्या कुळातलं वुल्फ्सबेन, मँड्रेक, अफू, आणि चक्क आपला परसातला एरंड! काही झाडं तर लोखंडी पिंजऱ्यात ठेवलेली. एरंडाच्या बियांमधलं रिसिन किती घातक असतं हे तिथली पाटी वाचताना कळतं, आणि लहानपणी आजीने पाजलेलं एरंडेल आठवतं.

पण मला खरं प्रेम आहे ते आयर्लंडच्याच ऑफली परगण्यातल्या बर कॅसलवर. पार्सन्स घराणं १६२० पासून तिथेच राहतंय. बागेत दोन उंच दगडी भिंतींच्या मधोमध याच घराण्यातले खगोलशास्त्रज्ञ विल्यम पार्सन्स यांची प्रचंड दुर्बीण उभी आहे. तिचा मूळ आरसा ७२ इंचांचा, तांबं आणि कथिल ओतून केलेला. १८४५ मध्ये तिच्यातूनच एम ५१ या दीर्घिकेचा सर्पिल आकार पहिल्यांदा दिसला. ढगाळ आयर्लंडमध्ये एवढी जिद्द! हिरवळीवर उभं राहून ती नळी बघताना मी कितीतरी वेळ हललोच नाही.

तिथली बॉक्सवुडची कुंपणं तीनशे वर्षांहून जुनी आहेत, दुमजली घरापेक्षाही उंच. त्यांच्यामधून सावकाश चाला. पावसाळी जाकीट मात्र जवळ ठेवाच, छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही.