नाल्याचं पाणी गावात शिरतं. भिंत मागावी की पूल? आणि पैसा कशातून?

चक्कीवाली_वॉर्ड२ | ६ सप्टेंबर २०२४

नमस्कार जी. यवतमाळ जिल्ह्यातल्या १९०० वस्तीच्या गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाचं नाव घेत नाही, इथं आमच्या गावचेही वाचतात. आमचा नाला पुढं अरुणावतीला मिळतो.

पोळ्याच्या आदल्या रात्री, म्हणजे १ सप्टेंबरला, नाला गावात आला. घरची पिठाची चक्की नाल्यापासून पन्नास पावलांवर. रात्री दोनला उठून पाहते तर आत मांडीएवढं पाणी. मोटर जळली, तीन पावसाळ्यांत दुसऱ्यांदा. लोकांचं दळण डब्यांसकट तरंगत होतं, कोणाचा डबा कोणता हे अजून ठरून राहिलं. ३४ घरांत पाणी. सकाळी बैल सजवायचे सोडून माणसं गोठ्यातला गाळ ओढत होती. पोळा भरला, पण तोरणाखाली चिखल होता.

नाला टेकडीवरून येतो. काही वर्षांपूर्वी वरच्या अंगाला मशीन लावून तो खोल अन् सरळ केला. खोलीकरण गावाजवळच्या पुलापर्यंत येऊन थांबलं. पूल म्हणजे रस्त्याखाली सिमेंटच्या दोन पायल्या (मोठे पाईप), त्यातली एक पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) आणि गाळानं अर्धी बुजलेली. पुलाच्या खालच्या अंगाच्या नाल्याला कोणी हातच लावला नाही, तिथं बेशरमाची झुडपं माजली आहेत. शिवाय गावातला सिमेंट रस्ता दोनदा झाला, दोन्ही वेळा जुन्यावरच नवा. आता रस्ता वर आणि घरं खाली.

गावात ज्यांची चालते ते म्हणून राहिले की घरांच्या मागून २०० मीटरची संरक्षण भिंत घेऊ, २५१५ मधून (गावातल्या कामांचं सरकारी लेखाशीर्ष) मागू, पत्र तयार आहे. ठरावावर मलाही सही करायची आहे. मला भिंतीतलं कळत नाही. पण त्या रात्री बॅटरी घेऊन मी पाहिलं, पाणी काठ फोडून आलं नाही. ते पुलाच्या तोंडाशी फुगलं आणि तिथून गावाकडं वळलं.

तर भिंत की पूल? आणि ग्रामपंचायतीला हा खर्च कशातून करता येतो? पंधराव्या वित्त आयोगाचे आमच्याकडं वर्षाला दहा-अकरा लाख येतात.

---

साधा_माणूस | ६ सप्टेंबर

आमदाराच्या माणसाला धरा ताई. बाकी सगळा कागद आहे.

---

निवृत्त_शाखा_अभियंता | ७ सप्टेंबर

ताई, सही थांबवा. तुम्ही बॅटरीच्या उजेडात जे पाहिलं तेच खरं निदान आहे. आमच्या खात्यात स्थळपाहणी बहुतेक वेळा उन्हाळ्यात होते, तीही जीपमधून.

भिंतीचं आधी सांगतो. ती नाल्याचं पाणी अडवेल, पण गावात पडलेला पाऊस कुठं जाईल? आज तो घरांमागून नाल्यात उतरतो. उद्या भिंतीच्या आत साचेल. भिंतीला झडपेची मोरी ठेवावी लागते, ती वर्षभरात गाळानं बसते आणि मग कोणी उघडत नाही. पुलाच्या तोंडाशी पाणी फुगणं तर तसंच राहील.

आता हिशोब. पुलाच्या वर किती हेक्टरचं पाणी त्या नाल्यात येतं ते काढा. समजा १८० हेक्टर आहे. मुसळधार पावसात तासाला ६० मिलिमीटर पडलं, आणि भिजून फुगलेल्या काळ्या जमिनीतून त्यातलं निम्मं वाहून आलं, तर: ०.५ गुणिले ६० गुणिले १८०, भागिले ३६०. उत्तर १५. म्हणजे सेकंदाला १५ घनमीटर पाणी पुलाशी येतं.

तुमच्या पायल्या बहुधा ९०० मिलिमीटरच्या असतील. एकीचं तोंड ०.६४ चौरस मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला तर एक पायली सव्वा घनमीटर नेते. दोन मिळून अडीच, त्याही कोऱ्या असल्या तर. येतं पंधरा, जातं अडीच. उरलेलं तुमच्या चक्कीत.

तिथं पायल्या नकोत, पेटीसारखा चौकोनी पूल हवा. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच असे दोन गाळे धरले तर बारा चौरस मीटर होतात. पऱ्हाट्या, ओंडके, मेलेलं जनावर, सगळं निघून जातं. पायलीत एक पऱ्हाटी आडवी बसली की तिच्यावर दुसरी बसते. मी नोकरीत असताना अशा पायल्या स्वतः टाकल्या आहेत, कारण तेवढ्याच पैशाची मान्यता असायची. सांगायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. चक्कीच्या भिंतीवर गाळाची रेघ राहिली असेल, ती धुऊ नका. तिची उंची पुलावरच्या रस्त्याच्या पातळीशी जुळवून घ्या. मोठ्या नद्यांना पूररेषा असते, २५ वर्षांच्या पुराची निळी आणि १०० वर्षांच्या पुराची लाल. गावनाल्याला कोणी रेषा आखत नाही, तुमची भिंत हीच रेषा. दुसरं, टेकडीवर पाणी कुठून इकडं आणि कुठून तिकडं वाटलं जातं ती धार पायी चालून मोबाईलवर आखा. तिसरं, तो रस्ता कोणाचा आहे ते काढा. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा, प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकामचा. दुसऱ्याच्या रस्त्यावरच्या पुलाला तुमच्या ठरावानं पैसा मिळत नाही. या एका गोष्टीवर गावं दोन-दोन वर्षं चुकीच्या टेबलापुढं बसून राहतात.

१९९१ ला मोवाडला वर्धा नदीनं २०४ माणसं नेली, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. तो नदीचा पूर होता. पण नाल्यालाही हलकं धरू नका.

---

ग्रामसेवक_विदर्भ | ८ सप्टेंबर

साहेबांनी पाण्याचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो.

वित्त आयोगाच्या तुमच्या अकरा लाखांतले ६० टक्के बंधित. ते पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि स्वच्छता यासाठीच. त्यातून सांडपाण्याची नाली बसेल, नाल्यावरचा पूल बसणार नाही. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे चार-साडेचार लाख. हे गावाच्या गरजेला वापरता येतात, पण काम गावाच्या विकास आराखड्यात हवं आणि आराखडा ई-ग्राम स्वराज पोर्टलवर चढलेला हवा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेतला नाही तर पुढच्या वर्षाचं विसरा.

साडेचार लाखांत पूल होत नाही. पण पुलाखालचा नाला मोकळा होतो. बेशरम उपटणं, गाळ काढणं ही कामं रोहयोतूनही धरता येतात. तिथं मजुरी ६०, साहित्य ४० असं प्रमाण आहे आणि मशीन चालत नाही. कापूस निघाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये मजूर मिळतात. आत्ता मागणी केली तर कोणी येणार नाही, आणि मजुरी खात्यात यायला वेळ लागला की दुसऱ्या वर्षीही येणार नाही. हे अनुभवाचं.

पुलासाठी जिल्हा वार्षिक योजना, म्हणजे जिल्हा नियोजन समिती. शिवाय एक दार लोक ठोठावत नाहीत: राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी. पंधराव्या वित्त आयोगानं आपत्तीच्या पैशातले २० टक्के आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी वेगळे काढले आहेत. प्रस्ताव तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो, अध्यक्ष जिल्हाधिकारी. सोबत ३४ घरांचे पंचनामे जोडा. तीन वर्षांतला दुसरा पूर असेल तर आधीचेही जोडा.

आणि ताई, विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल. लागली की नवी मान्यता बंद.

---

चक्कीवाली_वॉर्ड२ | १९ सप्टेंबर

सगळ्यांचे आभार जी.

रेघ धुतली नाही. ती दळणाच्या भावाच्या पाटीखाली बरोबर चार बोटं आहे. जमिनीपासून २ फूट ७ इंच. पाईपमधे पाणी भरून पातळी पाहायची ती गवंड्याची पद्धत वापरली, तर रेघ पुलावरच्या रस्त्यापेक्षा सात इंच वर निघाली. म्हणजे पूल पूर्ण बुडाला होता.

शाळेतले गुरुजी आणि मी टेकडीची धार चालून आलो. गुरुजींच्या मोबाईलनं १७२ हेक्टर दाखवले. साहेब, तुम्ही १८० अंदाजानं म्हणाले होते ना? गुरुजी तर घाबरलेच. पायल्या मोजल्या, ९०० च्याच. आतून एकीत कुत्र्याचा सांगाडा.

रस्ता ग्रामीण मार्ग आहे, म्हणजे जिल्हा परिषदेचा. हे कळायला तीन चकरा लागल्या. पहिल्या ऑफिसात म्हणाले बांधकामचा, बांधकामात म्हणाले ग्रामपंचायतीचा.

ठरावावर सही केली नाही. त्यामुळं आता गावात मी भिंतीच्या विरोधातली बाई आहे.

---

खालच्या_अंगाचा | २० सप्टेंबर

ताई, मी तुमच्याच नाल्यावर, तुमच्या खाली अडीच किलोमीटरवर रायतो. वळखलं असनच. तुमी पूल मोठा कराल, नाला मोकळा कराल, अन् ते पंधरा घनमीटर आमच्या वावरात सोडाल. आमचं काय? वरचं खोलीकरण झालं तवापासून पाणी तुमच्यापाशी लवकर येते म्हणता, तसंच तुमचं आमच्याकडं येईन. माह्यी तीन एकर पऱ्हाटी यंदा उभ्यानं पिवळी पडली. वरच्यायनं आपलं आपलं पाहिलं की खालचा मरते, हे मले साठ वर्षांत समजलं.

---

निवृत्त_शाखा_अभियंता | २० सप्टेंबर

हे दादा बरोबर बोलत आहेत, आणि ही गोष्ट मी आधीच लिहायला हवी होती. नाल्याचं काम खालून वर करत आणायचं असतं. आधी खालचा नाला वाहता करायचा, मग पूल. आपल्याकडं उलटं होतं, कारण वरचं काम टेकडीजवळ मोकळ्या जागेत असतं, मशीन लावायला सोपं. टेकडीवर समतल चर आणि दगडी बांध धरले तर पाण्याचा वेगही थोडा तुटेल, फक्त एकट्या चरांवर भरवसा ठेवू नका. दोन्ही ग्रामपंचायतींनी मिळून एकच प्रस्ताव करावा.

ताई, पुलाच्या खालच्या अंगाला कोणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, नाल्यात सरकवला आहे का? बहुतेक नाल्यांवर असतो.

---

चक्कीवाली_वॉर्ड२ | २१ सप्टेंबर

आहे. अक्षय्य तृतीयेच्या आसपास मशीन लावून सहा-सात फूट आत घेतला. माझे चुलत सासरे आहेत. म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

---

ग्रामसेवक_विदर्भ | २१ सप्टेंबर

मग घाई करा. शेतातलं पाणी नैसर्गिक वाटेनं जाताना कोणी अडवलं आणि त्यानं शेताचं नुकसान झालं, तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदार ते काढायचा हुकूम देऊ शकतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. मे धरला तर नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. अर्ज ज्याचं वावर त्या अडथळ्यानं बुडालं त्यानं करायचा, सदस्य म्हणून तुम्ही नाही.

---

चक्कीवाली_वॉर्ड२ | २७ ऑक्टोबर

उशिरा लिहून राहिले, दिवाळीच्या भाजण्या दळायची गर्दी होती. मोटर आता तीन फुटांच्या ओट्यावर आहे. पट्टा तिरपा चालतो, आवाज करतो, पण चालते.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा तीन तास चालली. भिंतीवाल्यांनी चित्र छापून आणलं होतं, रंगीत. मी गुरुजींना फळा आणायला लावला आणि पंधरा-अडीचचा हिशोब मांडला. हेक्टर-मिलिमीटर कोणाला भिडलं नाही. शेवटी म्हटलं, पंधरा डबे दळण आलं अन् चक्की अडीच डबेच दळते, तर उरलेले डबे कुठं ठेवाल? तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "तुह्याच घरात ठेव." सगळे हसले, ठराव झाला. पुलाखालचा नाला पुढच्या वर्षीच्या आराखड्यात अबंधितातून, पुलाचं अंदाजपत्रक जिल्हा परिषदेकडं मागायचं, आणि खालच्या गावाला पत्र. खालचे दादा त्यांच्या सरपंचाला घेऊन चक्कीवर येऊन गेले. चहा घेतला, पण मोकळे बोलले नाहीत.

९ तारखेला उपविभागाचे अभियंता आले, रेघेची उंची लिहून नेली. १५ ला आचारसंहिता लागली. आता २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत कोणी कागद हलवणार नाही.

राहिला धुरा. वरचे दोन शेतकरी अर्जावर सही करायला तयार आहेत, पण माझ्याकडं बघून थांबले आहेत. मामाजी, म्हणजे तेच चुलत सासरे, परवा गहू घेऊन आले. दळण होईपर्यंत बाकड्यावर बसले, रेघेकडं पाहिलं. जाताना म्हणाले, "मोजणी आण, नाल्याची हद्द दाखव, मी काढतो." खरं बोलले की वेळ काढून राहिले, सांगता येत नाही. माझ्याकडं दोन आठवडेही नाहीत.

ग्रामसेवक भाऊ, नाल्याच्या मोजणीची फी ग्रामपंचायतीला स्वतःच्या फंडातून भरता येते का? आणि मोजणी चालू असताना अर्ज देऊन ठेवला तर चालतं का? तेवढं सांगा, उद्या सकाळी मला दोघांना काहीतरी सांगायचं आहे.