एसआरवाय जनुक असूनही पिल्लू मादी कसे?

प्रश्न (पीएचडी विद्यार्थिनी)

नमस्कार. युरोपातील घरउंदरांपासून आलेल्या एका वाणाचे वाय गुणसूत्र ब्लॅक सिक्स या प्रयोगशाळेतील उंदरांच्या प्रचलित वाणात उतरवण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे आहे. पहिल्या संकरातील सर्व नर निर्दोष निघाले. त्यांचा पुन्हा ब्लॅक सिक्स माद्यांशी संकर केल्यावर एका वेतात सात पिल्ले झाली. दहाव्या दिवशी पोटावर स्तनाग्रांचे ठिपके पाहून मी चार माद्या आणि तीन नर अशी नोंद केली; परंतु शेपटीच्या तुकड्यावरील पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक भाग वाढवून पाहणाऱ्या चाचणीत) त्यांतील एका मादीच्या नमुन्यात वाय गुणसूत्रावरील, नर घडवणाऱ्या एसआरवाय जनुकाची पट्टी स्वच्छ दिसली. वाय गुणसूत्र असले की पिल्लू नर होते, असेच मी शिकत आले आहे. माझी चूक नेमकी कोठे होत असेल?

उत्तर १ (प्राणिगृह तंत्रज्ञ)

आधी साधी शक्यता निकालात काढा. एकाच कात्रीने नर भावंडाची शेपटी कापून लगेच बहिणीची कापली, तर रक्ताचा लवलेशही पट्टी दाखवण्यास पुरेसा होतो. त्या पिल्लाचा नवा तुकडा वेगळ्या कात्रीने घ्या आणि एसआरवायसोबत केडीएम५सी व केडीएम५डी या जनुकांची जोडीही तपासा. पहिले जनुक एक्सवर आहे आणि दुसरे वायवर. एकाच प्रायमरजोडीने (कोणता भाग वाढवायचा हे ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) दोन्ही वाढतात आणि त्यांची लांबी निरनिराळी असल्याने दोन पट्ट्या दिसतात. एक्सची पट्टी प्रत्येक पिल्लात यायलाच हवी, त्यामुळे नमुना चांगला होता की नाही हेही त्याच वेळी समजते.

उत्तर २ (विकासजीवशास्त्राचे प्राध्यापक)

वरील सूचना अवश्य पाळा, पण निकाल पूर्वीसारखाच आला तर चकित होऊ नका. ही घटना जुनी आणि अत्यंत उद्बोधक आहे. स्वित्झर्लंडमधील पोस्किआव्हो खोऱ्यातील उंदरांचे वाय गुणसूत्र ब्लॅक सिक्स वाणात आणल्यावर एक्सवाय पिल्लांत अंडाशय किंवा अर्धे अंडाशय-अर्धे वृषण अशा जननग्रंथी तयार होतात, हे अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेच्या ईव्हा आयकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवले. तेथेही पहिल्या संकरातील नर व्यवस्थितच होते आणि गडबड पुढच्या पिढीपासून दिसू लागली, कारण ब्लॅक सिक्सच्या इतर गुणसूत्रांवरील जनुके दोन्ही बाजूंनी आल्यावरच हे घडते.

एसआरवाय हे नर घडवणारे जनुक आहे, यात शंका नाही. 1991 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी सुमारे 14 हजार बेस जोड्यांचा, एसआरवाय असलेला डीएनएचा तुकडा एक्सएक्स भ्रूणात घातला आणि पिल्लू नर झाले, जरी त्याच्या लहान वृषणांत शुक्रपेशी नव्हत्या. मात्र जनुक जागेवर असणे वेगळे आणि ते वेळेवर जागे होणे वेगळे. गर्भाच्या साधारण साडेदहाव्या दिवशी एसआरवाय सुरू होते, साडेअकराव्या दिवशी ऐन भरात येते आणि एकदोन दिवसांत शांत होते. तेवढ्यात सॉक्स९ या जनुकाची पातळी पुरेशी वाढली, तरच त्या पेशी वृषणाच्या वाटेला लागतात. अकराव्या दिवसानंतरची सहा तासांच्या आसपासची वेळ हुकली, तर एसआरवाय नंतर चालू होऊनही उपयोग होत नाही. पोस्किआव्हो वाय आणि ब्लॅक सिक्स यांच्या जोडीत नेमका हाच मेळ चुकतो. ब्लॅक सिक्सचे स्वतःचे वाय मात्र घरउंदरांच्या मस्क्युलस या वेगळ्या उपप्रजातीचे आहे, त्यामुळे त्यांचे आपापसात जमते. आपल्या वाणाचे वायही युरोपीय असल्याने माझा संशय तेथेच जातो.

प्रश्नकर्ती

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. नव्या कात्रीने घेतलेल्या नमुन्यातही दोन्ही पट्ट्या आल्या. तिला प्रजननासाठी ठेवावे काय?

उत्तर २ (विकासजीवशास्त्राचे प्राध्यापक)

तिच्याकडून संतती मिळण्याची आशा फारशी नाही. वाय पुढे नेण्यासाठी तिचे सुपीक नर भाऊच वापरा. एक्सओ (एकच एक्स गुणसूत्र असलेली) उंदरीण वितेही, पण तिला वाय नसतो. खरे उत्तर मात्र पुढच्या वेतात सापडेल. साडेतेराव्या दिवसाच्या भ्रूणांच्या जननग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. वृषणात आडव्या पट्ट्यांसारख्या नलिका स्पष्ट दिसतात, अंडाशय एकसारखे असते. मिश्र ग्रंथीत पट्ट्या मध्यभागी आणि दोन्ही टोके सपाट दिसतील, कारण एसआरवाय मध्यापासून टोकांकडे पसरते आणि उशीर झाला की टोकेच मागे राहतात. छायाचित्रे घेऊन प्रत्येक भ्रूणाच्या पीसीआर नोंदीसोबत जोडून ठेवा.