गेट ते पोर्च: खचलेल्या पेव्हर ब्लॉकवरच काँक्रीट ओतू का?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. सांगलीत सव्वा गुंठ्यात घर आहे. गेटपासून पोर्चपर्यंत ११ बाय २४ फूट एवढीच मोकळी जागा, त्यातच गाडी, हौद, ड्रेनेजचं चेंबर आणि सासूबाईंची तुळस. सहा वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले. आता चाकांखाली दोन चर पडलेत. हौदावरचे ब्लॉक मात्र जागचे हललेले नाहीत, त्यामुळे मधेच उंटाची पाठ झालीय आणि गाडीचा तळ घासतो. त्यात समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि गेटपेक्षा चार इंच वर आला. कंत्राटदार म्हणतो, ब्लॉक कशाला उपटता, वरून पाच इंच काँक्रीट ओतू, दोन दिवसांत मोकळे. मला पटत नाही, पण का ते सांगता येईना. मृगाच्या आत उरकायचंय.

वाडेकरी:
शहाबादी फरशी घाला. आमच्या गावच्या वाड्यात अजून आहे.

जुना ओव्हरसियर:
वाड्यात बैलगाडी उभी असेल हो, मोटार नाही. पोकळ बसलेल्या शहाबादीवर चाक आलं की कोपरा गेलाच.

ताई, गेट आत उघडतं का? उघडत असेल तर पाच इंच काँक्रीटनंतर ते उघडणारच नाही. पोर्चची पायरी सहा इंचांची असेल तर उरला एक इंच, म्हणजे आडव्या पावसाचं पाणी थेट हॉलमध्ये. छोट्या प्लॉटची हीच गोम. रस्ता, गेट, जोतं, तिन्ही लेव्हल आधीच ठरलेल्या, त्यामुळे जायचं ते खालीच. शिवाय खालची माती हलतेय म्हटल्यावर वरचं काँक्रीटही तडकणार, आणि उद्या पाइप फुटला तर ब्रेकर लावावा लागेल. ब्लॉक उचलून परत बसवता येतात.

आधी चरातले चार ब्लॉक सब्बलीने काढून खाली काय आहे ते बघा. सांगलीची काळी माती उन्हात आटते, पावसात फुगते. ती निदान फूटभर काढून मुरूम भरायचा, पाणी मारून थराथराने दाबायचा. त्यावर सहा इंच खडी दाबून, वर इंचभर क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, आणि ब्लॉक. गाडीसाठी ६० मिमी जाडीचा, एम-३५ ताकदीच्या काँक्रीटचा ब्लॉक पुरतो. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. खोदाई पावणेदोन फूट, म्हणजे साडेचार ब्रास माती (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), उपसल्यावर फुगून सहा. ती टाकायची कुठे हे आधी ठरवा, नाहीतर रस्त्यावर ढीग आणि शेजाऱ्यांशी भांडण. कंपाउंडचा पाया उथळ असेल तर त्याच्या कडेने सलग चर मारू नका, तुकड्या-तुकड्याने खोदा.

उतार पोर्चकडून गेटकडे, साठ फुटाला एक फूट, म्हणजे तुमच्या २४ फुटांत पाच इंच. रस्ता वर असल्याने पाणी गेटशी तुंबणार, तेव्हा गेटच्या आत आडवी नाली आणि वर लोखंडी जाळी. गटाराचा तळ नालीपेक्षा खाली आहे ना, तेवढं बघून घ्या.

अंगणवेडा:
चाकांपुरते दोन-दोन फुटांचे काँक्रीटचे पट्टे आणि मधे हरळी. आमच्याकडे पाणी मुरतं, खर्चही कमी आला.

जुना ओव्हरसियर:
छान दिसतं. पण पट्ट्यांखालीही मुरूम लागतोच, आणि हौदापाशी हरळीला माती कुठून आणणार?

कृष्णाकाठची:
आज चार ब्लॉक काढले. खाली दोन बोटं वाळू आणि थेट काळी माती. एकही खडी नाही! मातीला अशी भेग होती की माझी वेलची सोलायची सुरी मुठीपर्यंत आत गेली. गेट आतच उघडतं, खाली दोन इंच फट आहे. कंत्राटदाराला हे दाखवलं तर म्हणाला, "तेव्हा तुम्हीच स्वस्तात मागितलं होतं." खरं आहे, तेव्हा भाव आमच्या ह्यांनीच पाडून घेतला होता. ते आज सकाळपासून गच्चीवर आहेत.

आता खोदायचं ठरलं. माती मामेभावाच्या रानात जाईल, ट्रॅक्टर त्याचाच. हौदाच्या स्लॅबवरून डावं चाक जातं, ते चालेल का?

जुना ओव्हरसियर:
स्लॅब किती जाड आणि आत सळई कोणती, हे कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. झाकण उघडून तोंडाशी जाडी मोजा, आणि इंजिनिअरला एकदा घरी बोलवा. तोवर गाडी बाहेरच लावा.

कृष्णाकाठची:
मोजली. चार इंच. गाडी शेजारच्या काकूंच्या दारात लावलीय.